संस्कृतचे वय आणि वंश

संस्कृतचा जरा पुढचा अभ्यास केलेल्या कुणालाही 'कृ' धातूचे परोक्ष भूतकाळाचे रूप पाठ असते : चकार. या काळात धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती होते. मग 'ककार' का होत नाही? 'गम्'चे 'गगाम' न होता 'जगाम' का होते? पाणिनीने त्यासाठी नियम दिला आहे : द्विरुक्तीत कवर्गाच्या जागी चवर्ग येतो. नियम बिनचूक आहे. त्यामागचे कारण सांगणे हे त्याचे कामच नव्हते. ते सापडायला १८७० चे दशक उजाडावे लागले, आणि तेव्हा पाच-सहा अभ्यासकांना ते जवळजवळ एकाच सुमारास, स्वतंत्रपणे दिसले. संस्कृत ही जगातल्या भाषांची जननी आहे का, या प्रश्नाचा निकाल माझ्या मते या 'च'ने लावला आहे.

ग्रीक आणि लॅटिनमध्येही अशी द्विरुक्तीची रूपे आहेत. ग्रीक 'लेलोइपा', म्हणजे 'मी सोडले आहे'. लॅटिन 'केकिनी', म्हणजे 'मी गायलो'. दोन्हींत द्विरुक्त अक्षराचा स्वर ऱ्हस्व 'ए' आहे. 'इ' किंवा 'ए' पुढे आला की 'क'चा उच्चार टाळूकडे सरकतो आणि त्याचा 'च' होतो, ही जगभर दिसणारी गोष्ट. लॅटिनमधला शंभराचा 'केन्तुम' इटालियनमध्ये 'चेन्तो' झाला तो असाच. संस्कृतच्या पूर्वजातही एके काळी 'केकार'सारखे रूप होते. आधी 'क'चा 'च' झाला आणि नंतर ऱ्हस्व 'ए', 'ओ' आणि 'अ' हे तिन्ही स्वर मिसळून एकच 'अ' उरला. 'ए' गेला, पण त्याने घडवलेला 'च' मागे राहिला. 'आणि' या अर्थाचे संस्कृत 'च' आणि लॅटिन 'क्वे' यांचे नाते याच नियमाने उलगडते. म्हणजे या स्वरांच्या बाबतीत ग्रीक आणि लॅटिन यांनी जुने जपले आहे, संस्कृतने बदलले आहे. तिन्हींचा एक झालेला स्वर पुन्हा नेमक्या जागी तीन होऊन फुटत नाही. त्यामुळे ग्रीक किंवा लॅटिन संस्कृतपासून निघाली असे म्हणता येत नाही. त्या तिच्या बहिणी आहेत.

या नात्याची पहिली चाहूल लागली ती गोव्यात. ज्याला आपण 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता म्हणून ओळखतो त्या फादर थॉमस स्टीफन्सने १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळती आहे, असे नोंदवले. त्याच दशकात गोवा आणि कोचीन इथे राहिलेल्या फिलिप्पो सासेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, सर्प हे शब्द आपल्या इटालियनशी ताडून पाहिले. पुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकाच, कदाचित आता न उरलेल्या भाषेत असावा, असे मांडले. जोन्सच्या वाक्यातला 'आता न उरलेल्या' हा भाग वादात नेहमी गळतो, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे. त्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या युरोपीय पंडितांचा कल संस्कृतच मूळ भाषेच्या सर्वांत जवळची, असे मानण्याकडे होता. 'क'चा 'च' करणाऱ्या त्या नियमाने, म्हणजे तालव्यांच्या नियमाने, ती समजूत मोडली.

पण संस्कृतला बाजूला ठेवून हा मागोवा घेताच आला नसता, हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडे ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा थांबून पाहू. पाणिनीय व्याकरणात धातूंचे 'सेट्' आणि 'अनिट्' असे दोन वर्ग आहेत. 'पू'चे 'पवितुम्' होते, मध्ये 'इ' येतो. 'श्रु'चे 'श्रोतुम्' होते, तिथे येत नाही. 'पूत'मध्ये स्वर दीर्घ, 'श्रुत'मध्ये ऱ्हस्व. विद्यार्थी ही यादी घोकतो आणि पुढे जातो. फेर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या तरुणाने १८७९ च्या आपल्या प्रबंधात या दोन वर्गांमागचे कारण शोधले. मूळ भाषेत काही ध्वनी असे होते, जे पुढे जवळपास सगळ्या शाखांतून नाहीसे झाले. 'पवितुम्'मधला 'इ' आणि 'पूत'मधला दीर्घ 'ऊ' ही त्यांचीच खूण, असे त्याच्या मांडणीचे सार. हे ध्वनी तेव्हा कुठल्याही ज्ञात भाषेत दिसत नव्हते. १९१५ मध्ये बेदरझिख ह्रोझ्नीने तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवरची हित्ती भाषा वाचली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिले की सोस्यूरने जिथे हरवलेला ध्वनी मानला होता, तिथे हित्तीत बऱ्याच ठिकाणी घशातला 'ह'सारखा व्यंजनवर्ण लिहिलेला आहे. संस्कृत 'अस्थि', हित्ती 'हस्ताइ'. शलातुरच्या पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वी केलेली विभागणी किती काटेकोर होती, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. संस्कृतचा अभिमान बाळगायचा तर तो या गोष्टीचा बाळगावा.

दुसरा वाद आपल्या घरचा आहे : प्राकृत आधी की संस्कृत आधी? तो आजचा नाही. अकराव्या शतकात नमिसाधूने रुद्रटाच्या 'काव्यालंकारा'वरील टीकेत, प्राकृत म्हणजे लोकांची सहज, व्याकरणाचे संस्कार न झालेली बोली आणि संस्कृत तिच्यावर संस्कार होऊन आलेली, अशी भूमिका घेतली. पुढच्याच शतकात हेमचंद्राने संस्कृत ही प्रकृती आणि तिच्यापासून आलेली ती प्राकृत, असे सांगितले. दोघेही जैन, दोघेही प्राकृताचे जाणकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आणि त्याआधीची अनेक वर्षे मराठीत हा प्रश्न पुन्हा तापला, आणि महाराष्ट्री प्राकृत संस्कृतहून जुनी, असे ठामपणे म्हटले गेले.

या पक्षाचा मुख्य आधार शिलालेख. अशोकाचे लेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आणि प्राकृतात. नालासोपाऱ्याला सापडलेले तुकडेही तसेच. लांब, घोटीव संस्कृत लेख मिळतो तो जुनागढचा, रुद्रदामन या शक क्षत्रपाचा, इसवी सन १५० च्या सुमाराचा. त्याच्या आधीचे संस्कृत लेख आहेत, पण थोडे आणि छोटे. त्यावरून संस्कृत ही प्राकृतानंतर बनवलेली भाषा, असे अनुमान काढले जाते. नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख मात्र या अनुमानाला अडवतो. तो प्राकृतात आहे, आणि त्यात अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे. हे यज्ञ वेदमंत्रांवाचून होत नाहीत. म्हणजे ज्या दरबारात वैदिक भाषा रोज कानावर पडत होती, तोच दरबार दगडावर प्राकृत कोरत होता. यज्ञाची भाषा एक, राजाज्ञेची दुसरी. शिलालेखावरून भाषेचा त्या विशिष्ट कामासाठी झालेला वापर कळतो, तिचा जन्म कळत नाही.

ध्वनींचा पुरावा त्याहून पक्का आहे. पालीत 'सत्त' हा एकच शब्द सात, प्राणी, आसक्त आणि शापित या चार अर्थांनी येतो. संस्कृतात हे चार वेगळे शब्द आहेत : सप्त, सत्त्व, सक्त, शप्त. 'सत्त'पासून कुणी मागाहून संस्कृत घडवली असती तर कुठल्या 'सत्त'मध्ये 'प्त' घालायचे आणि कुठल्यात 'क्त', हे त्याला कसे कळले असते? आणि त्याने सातमध्ये घातलेला 'प्त' लॅटिन 'सेप्तेम', ग्रीक 'हेप्ता' आणि प्राचीन इराणी अवेस्तातल्या 'हप्त'शी नेमका कसा जुळला असता? संस्कृत ही प्राकृतावरून रचलेली कृत्रिम भाषा, हे मत इथे कोसळते.

याचा अर्थ हेमचंद्र शब्दशः बरोबर होता असाही नाही. प्राकृतांत अशी काही रूपे आहेत जी अभिजात संस्कृतातून निघूच शकत नाहीत. 'इथे' या अर्थाचा पाली 'इध' हा संस्कृत 'इह'पेक्षा जुना आहे. त्यातला 'ध' संस्कृतात झिजून 'ह' झाला, आणि अवेस्तातले रूपही पालीच्या बाजूने साक्ष देते. त्याहून जवळचे उदाहरण आपल्या तोंडी रोज असते. संस्कृत 'क्षर्', म्हणजे पाझरणे. प्राकृतात 'झरइ', मराठीत 'झरणे' आणि 'झरा'. 'क्ष'पासून 'ख' किंवा 'छ' व्हावा, 'झ' होण्याचे कारण नाही. पण या धातूचे अवेस्तातले रूप घोष, 'ग्झर्'सारखे आहे. म्हणजे मुळातला घोष ध्वनी संस्कृतात अघोष झाला, तर जिच्यापासून मराठी आली त्या बोलीने त्याचा घोषपणा टिकवला. आपला झरा या एका बाबतीत संस्कृतच्या मागे पोचतो.

संस्कृतच्या पोटातही असेच दिसते. ऋग्वेदात 'रघु' आहे, नंतरच्या संस्कृतात 'लघु' रूढ झाले. वैदिक ती जुनी आणि अभिजात ती नवी, असे सरळ गणित मांडले तर 'र'चा 'ल' झाला म्हणावे लागेल. पण ग्रीकमध्ये याच शब्दाला 'एलाखुस' म्हणतात, तिथेही 'ल' आहे. म्हणजे मूळ 'ल'च होता. ऋग्वेदाची बोली वायव्येची, तिथे 'ल'चे 'र' झाले. मध्यदेशातल्या बोलींत 'ल' टिकला आणि अभिजात संस्कृत त्यांच्याजवळून आली. आणखी पूर्वेला उलटेच घडले : अशोकाच्या मागधी लेखांत 'राजा'चा 'लाजा' होतो. तेव्हा वेदांची भाषा, पाणिनीची भाषा आणि प्राकृते यांना एकाच सरळ ओळीत आई, मुलगी, नात म्हणून उभे करता येत नाही. प्राचीन काळी अनेक आर्य बोली शेजारी-शेजारी नांदत होत्या. एकीला ऋग्वेदाने अमर केले, दुसरीला पाणिनीने, आणि बाकीच्या लोकांच्या तोंडून वाहत मराठी-हिंदी-बंगालीपर्यंत आल्या.

संस्कृत कधीच बदलली नाही, या समजुतीला उत्तर द्यायला युरोपात जाण्याचीही गरज नाही. ते आपल्याच वैयाकरणांनी दिले आहे. पाणिनी काही नियम 'छंदात' म्हणजे वेदात लागू करतो, काही 'भाषेत' म्हणजे त्याच्या काळच्या बोलण्यात. वेदात भरभरून येणारा लेट् लकार त्याच्या भाषेत नव्हता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली तर एक हरकत उभी करतो : 'ऊष', 'तेर', 'चक्र', 'पेच' ही रूपे व्याकरणात आहेत, पण ती कुणी वापरत नाही, त्यांच्या जागी लोक 'उषिताः', 'तीर्णाः', 'कृतवन्तः', 'पक्ववन्तः' म्हणतात. पाणिनी आणि पतंजली यांच्या मधल्या काळात क्रियापदांची जुनी रूपे मागे पडून धातुसाधिते पुढे आली, याची ही त्या काळातल्या जाणत्या माणसाची साक्ष आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत हाच धागा पकडून संस्कृतच्या अवस्था दाखवल्या. त्या व्याख्यानांना आता दीड शतक होत आले, तरी या विषयावर मराठी माणसाने वाचायचा पहिला ग्रंथ म्हणून मी आजही त्यांचेच नाव घेईन. 'तेन कृतम्' ही जी रचना तेव्हा जोर धरत होती, तिच्यातूनच आपले 'त्याने केले' आले.

पतंजलीला प्रांतभेदही दिसत होते. जाण्याला कंबोज 'शवति' म्हणतात, सुराष्ट्रात 'हम्मति' म्हणतात. दक्षिणापथात मोठ्या सरोवरांना 'सरसी' म्हणतात. दाक्षिणात्यांना तद्धित प्रत्ययांची फार आवड. असे बारकावे मृत भाषेत टिपता येत नाहीत. वार्तिककार कात्यायनाच्या एका प्रयोगावर बोलताना त्याने दाक्षिणात्यांचा उल्लेख केला, त्यावरून कात्यायन इकडचा असावा, असे परंपरेने मानले आहे.

बदलाचा एक भाग या भूमीने दिला. ट, ठ, ड, ढ, ण हे मूर्धन्य ध्वनी अवेस्तात नाहीत, ग्रीक-लॅटिनमध्ये नाहीत. द्राविडी भाषांत भरपूर आहेत. ते सगळे उसने आले, असे मात्र म्हणता येत नाही. 'नीड' म्हणजे घरटे. लॅटिनमध्ये 'नीदुस', इंग्रजीत 'नेस्ट'. 'नि' आणि 'सद्' मिळून, खाली बसायची जागा, असा तो मूळ शब्द, आणि त्यातला 'ड' संस्कृतच्या अंतर्गत ध्वनिनियमांनीच घडला. पण असे ध्वनी इथे रुजले, फोफावले, त्यामागे शेजाऱ्यांच्या कानांचा आणि जिभेचा वाटा असला पाहिजे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. माधव देशपांडे यांनी वेगळी शक्यता मांडली : ऋचा रचल्या गेल्या तेव्हा हे ध्वनी त्यांत नसतीलही, पाठांतराच्या पुढच्या पिढ्यांत ते शिरले असतील. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे म्हटले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच देवघेव होती. 'इति' लावून दुसऱ्याचे बोलणे संपवण्याची संस्कृतची लकब, मराठीचे 'म्हणून' आणि द्राविडी भाषांतले तसेच प्रयोग एका सुरात बोलतात. विश्वनाथ खैरे यांनी मराठी शब्दांची तमिळ मुळे शोधण्याचा चिकाटीचा उद्योग केला. त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा होता. पण नुसते शब्दांचे साम्य पुरत नाही, प्रत्येक जोडीमागे नियमित ध्वनिबदल दाखवावा लागतो, आणि तो त्यांच्या मांडणीत पुरेसा नाही.

आता तो प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त आवाज चढतात : संस्कृत बोलणारे बाहेरून आले का? महाराष्ट्राने याची तीन उत्तरे दिली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यभट बाहेरून आले आणि त्यांनी इथल्यांना गुलाम केले, असे मांडले. टिळकांनी १९०३ मध्ये वेदांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्तच नाकारला. आज ज्याला आपण राजकीय बाजू म्हणतो तिच्यावरून माणसाचे या प्रश्नातले मत ओळखायला जावे तर या तिघांपाशीच फसगत होते.

भाषिक पुरावा मला स्थलांतराच्या बाजूने जड वाटतो. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे मिळालेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या हित्ती-मितन्नी करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे साक्षी म्हणून आहेत. त्याच परिसरातल्या किक्कुलीच्या अश्वशिक्षणाच्या ग्रंथात एकाला 'अइक' म्हटले आहे. इराणी भाषांत एकाला 'अइव'. तेव्हा हा शब्द भारतीय शाखेचाच. पण तो 'एक'च्या आधीच्या पायरीवरचा आहे, 'अइ'चा अजून 'ए' झालेला नाही. आपल्या प्रातिशाख्यांनी, म्हणजे वेदोच्चाराच्या ग्रंथांनी, 'ए'ला संध्यक्षर, म्हणजे जोडस्वर, म्हटले, त्यात ही जुनी आठवण टिकली आहे. फिन्निशमध्ये शंभराला 'सता' म्हणतात. फिन्निश ज्यातली, त्या उत्तरेकडच्या भाषाकुळाने असे कितीतरी शब्द प्राचीन भारत-इराणी लोकांकडून घेतले, आणि तो शेजार युरेशियातल्या गवताळ प्रदेशाच्या उत्तर कडेला घडला असणार. भारतातून सगळे बाहेर गेले असते तर इथली झाडे-प्राणी आणि इथले मूर्धन्य ध्वनी यांचा काही तरी माग पश्चिमेकडच्या शाखांत राहायला हवा होता. तो दिसत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये एकाच दिवशी दोन शोधनिबंध आले. एकात ५२३ प्राचीन माणसांचे जनुकीय नमुने होते आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात गवताळ प्रदेशातला वंशांश दक्षिण आशियात आल्याचा निष्कर्ष होता. दुसरा डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पुढाकाराने झालेला, राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यावरचा. तिच्यात तो वंशांश नव्हता. एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, अशा थाटात आपल्याकडे बातम्या आल्या. प्रत्यक्षात दोन्ही निबंध एकमेकांशी जुळतात : हडप्पा काळातल्या स्त्रीत जे नाही, ते नंतरच्या लोकांत आहे. हाडे मात्र भाषा सांगत नाहीत, आणि सिंधू लिपी वाचली गेलेली नाही. शिवाय २०२३ मध्ये १६१ भाषांच्या शब्दसंग्रहावरून केलेल्या अभ्यासाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ज्यातल्या, त्या संपूर्ण कुळाचे वय ८,१०० वर्षांच्या आसपास धरले आणि भारत-इराणी शाखा पुष्कळ आधी वेगळी झाली असे सुचवले. ते मान्य झाले तर गवताळ प्रदेशातून आलेल्या वाटेची मांडणी बदलावी लागेल. मूळ घर कुठले हा प्रश्न त्या अर्थाने उघडाच आहे. बहिणींचे नाते मात्र त्यावर अवलंबून नाही. घर काळ्या समुद्राजवळ निघो की सप्तसिंधूत, 'चकार'मधला 'च' जागचा हलत नाही.

या सगळ्या वादांत सर्वांत कमी बोलले जाते ते पुण्यातल्या एका कामाविषयी. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वावरचा कोश सुरू केला. ऋग्वेदापासून पुढच्या काळातल्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो, कुठल्या शतकात त्याचा अर्थ वळतो, कधी तो मावळतो, हे त्यात प्रयोगांसह नोंदले जाते. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आजवर निघालेले खंड 'अ' या एका स्वरातच आहेत. ज्यांना पाणिनीही येतो आणि तौलनिक भाषाशास्त्रही येते, अशी माणसे या कामाला लागतात. आपल्या विद्यापीठांत हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. संस्कृतच्या विद्यार्थ्याला अवेस्ता आणि पाली, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला संस्कृत, हे पदव्युत्तर अभ्यासक्रमात सक्तीचे करावे, असे मला मनापासून वाटते. 'आ'चे खंड लिहायला माणसे लागणार आहेत.